अजून एक पाणी

गिमाराइंशच्या प्रयोगशाळेत रात्री अकराला
देओलिंदा पाणी बदलते.
काचेच्या भांड्यात बुडालेले नऊ पांढरे ठोकळे,
एकेक बोटाच्या पेराएवढा,
आणि त्यांच्या पोटात मीठ.

मीठ तिनेच घातलं होतं, मोजून.
दोन चाळण्यांच्या मध्ये अडकलं तेवढंच,
ना पीठ, ना खडा.
क्लोरोफॉर्ममध्ये विरघळलेला पॉलिमर
काकवीसारखा संथ ओघळला,
कणाकणाभोवती बसला, वाळला.
आता पाण्याने एकेका कणाचा हात धरून
त्याला बाहेर आणायचं.
कण होता तिथे खोली राहील.
कणाला कण टेकला होता तिथे दार.

दार महत्त्वाचं.
बिनदाराच्या खोलीत मीठ तसंच बसून राहतं
आणि हाडाची पेशी उंबऱ्यापर्यंत येऊन माघारी जाते.
पाणी कुठेतरी मुरतंय, असं लोक संशयाने म्हणतात.
इथे सगळी आशाच त्यावर.

सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब.
दुधाळ ढग उठला.
आहे अजून.

तिचे वडील फिर्मिनू, आव्हेइरूचे,
चाळीस उन्हाळे खाजणात, लाकडी फावड्याने
पांढरे ढीग रचलेले.
एकदा त्यांनी विचारलं, "करतेस काय तू तिथे?"
"भोकं करते, बाबा."
"मिठाने?"
"मीठ काढून."
ते बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "आम्ही पाणी घालवून मीठ ठेवायचो,"
आणि काठी शोधू लागले.
त्यांच्या डाव्या मांडीत सळई आहे.
थंडीत आधी ती गारठते, मग ते.

मार्चमध्ये एक ठोकळा गेला
मेंढी क्रमांक चौदाच्या नडगीत,
करवतीने मुद्दाम केलेल्या पोकळीत.
कागदोपत्री त्याला परांची म्हणतात.
पण ही परांची उतरवायला कुणी गवंडी येत नाही.
ती आतल्या आत झिजते,
थोडी रक्तात, थोडी श्वासात,
तिच्या जागी कोण राहायला आलं
हे न विचारता.

तेराव्या आठवड्यात चौदा चारही पायांवर आली.
देओलिंदाच्या खिशात तोंड घालून
मक्याच्या पावाचा तुकडा हुडकायची.
सप्टेंबरात तर कुंपणाशी धावत यायची,
लंगडणं विसरून.
नोव्हेंबरात तिला मारलं.
हाड जुळलं की नाही हे कळण्याचा
दुसरा मार्ग उपलब्ध नव्हता,
असं अहवालात लिहायचं असतं.
हे वाक्य देओलिंदाने तीनदा खोडलं,
चौथ्यांदा राहू दिलं.

सूक्ष्मदर्शकाखाली पातळ काप:
खोल्या भरलेल्या.
दारादारांतून रक्तवाहिन्या शिरलेल्या,
भिंती कुठे विरळ, कुठे नाहीतच,
आणि जिथे काहीच नव्हतं
तिथे हाड, नवं, अजून थोडं गबाळं,
नुकतं बिऱ्हाड मांडल्यासारखं.
कुणीतरी टाळी वाजवली.
ती हात धुवायला गेली
आणि बराच वेळ नळ बंद केला नाही.

जखमेवर मीठ चोळणारे पुष्कळ असतात.
जखमेत मिठाची गैरहजेरी ठेवणारे
थोडे,
आणि तेही एरवी फारसे बरे नसतात,
असं तिने बसमध्ये स्वतःला सांगितलं.
पटलं नाही. बस पोर्तुच्या पुढे गेली.

नाताळच्या आदल्या सकाळी आव्हेइरूत
स्वयंपाकघराच्या फरशीवर जुनं पातेलं,
त्यात कॉड मासा, दोन दिवसांचा भिजत घातलेला.
रात्री तीनला उठून तिनेच पाणी बदललं होतं,
झोपेतही हाताला सवय.
खिशात थेंबाची बाटली नाही.
फिर्मिनू खुर्ची ओढून वाकतात,
सळईवर भार न देता,
एक बोट पाण्यात बुडवतात, जिभेला लावतात,
डोळे मिटतात.

ती थांबते,
अहवालाची वाट बघावी तशी.

"अजून एक पाणी," ते म्हणतात.