पैकी

खानापूरच्या कचेरीसमोर, पत्र्याच्या शेडखाली
माझं टेबल. एक पाय आखूड,
त्याखाली वाया गेलेल्या स्टँपपेपरची घडी.
लोक कन्नड कागद आणतात,
मी मराठीत सांगतो. पानाला वीस रुपये.

ती आली तेव्हा दोघे भाऊ बोलेरोत होते.
पाचशे आधीच माझ्या खिशात.
"पीककर्जाचं आहे. अंगठा उठव, झालं,"
थोरला काचेतून म्हणाला,
आणि दोघं चहाला गेले.

तिनं शाईची डबी बाजूला सारली.
"कसली ही गोल गोल अक्षरं.
आधी कन्नडातच वाचा की,
आवाज तरी कानावर पडू दे."

मी वाचत गेलो.
हक्कु, म्हणालो. तिनं मान वर केली.
जमीनु. हिस्सा. तकरारु इल्ल.
सर्वे नंबर एंबत्तेंटु, पैकी...
"थांबा. पैकी म्हणजे आपलंच पैकी?"
व्हय, म्हटलं. दोन्हीकडं एकच.
"मग मी कशापैकी?"

कर्जाचं नावसुद्धा नव्हतं त्या कागदात.
नंदगडास्नं ती एसटीत बसायच्या आधीपासून
मला ते ठाऊक होतं.

पलीकडच्या शेडात हिरेमठ वकीलबाई बसतात,
मराठी मोडकं, पण कुणाला भीत नाही.
मी तिकडं बोट दाखवलं. तेवढंच केलं.
आणि पाचशेची नोट
बोलेरोच्या वायपरखाली अडकवली.

तीन वर्षं. एकवीस तारखा.
(तिच्याकडून पानाला दहाच घेतले.)
मोजणीदाराची साखळी
गर्लगुंजीच्या त्या चिंचेपाशी दोनदा अडली,
दोनदा शिव्या, एकदा दगड.
शेवटी मध्यस्थीच्या खोलीत, बंद पंख्याखाली
धाकट्यानं तिला पाणी दिलं,
थोरल्यानं नुसती सही.
अकरा गुंठे, पाणंदीकडचे.

परवा नवा उतारा घेऊन आली. वाचा, म्हणाली.
एंबत्तेंटु पैकी, अकरा गुंठे,
खातेदाराच्या रकान्यात: दुरपी.
द्रौपदाचं दुरपी केलंय, म्हटलं,
अर्ज टाकू, महिन्यात दुरुस्त होतंय.

तिनं कागद माझ्या हातातून ओढून घेतला,
घडी घातली, पिशवीत
नारळाखाली सरकवली.
"असू दे. थोरला अशीच हाक मारायचा.
आता बोलत न्हाई.
उतारा तरी म्हणू दे."