बर्फ नव्हता

नवतपाचा तिसरा दिवस, आणि कूलरचा पंप बसला.
धनपाल हेडाऊ आला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते.
गोळीबार चौकातून सायकलने, डोक्याला ओला दुपट्टा,
खिशात कांदा.
"मॅडमजी, ओळखलं? सातवी ब."
ओळखलं नव्हतं. हो म्हणाले.

वाळ्याची ताटी सोडवता सोडवता त्याने तेच विचारलं
जे जानेवारीपासून सगळे विचारतात,
ढोमणेकाकू, गॅसवाला, पेन्शनच्या रांगेतली माणसं :
"पेंग्विन पाहून आल्या म्हणे. बहुत बर्फ असन नं तिथं?"

नव्हता रे.

भाचा तिकडे पवनचक्क्या उभारतो,
अर्जेंटिनाच्या पार बुडाशी.
त्यानेच सकाळी सहाला बसमध्ये बसवून दिलं,
साडीवर त्याचं जाकीट.
अंतर म्हणशील तर अमरावतीच्या थोडं पुढे,
पण मध्ये ना कोंढाळी, ना तळेगाव, ना चहाची टपरी.
खुरटी झुडपं, आणि वारा असा
की बसचं दार दोघांनी ओढून लावायचं.
मार्सेला नावाची गाइड, पायात पुरुषी बूट.
तिने एका तुंब्यातून कडू पाल्याचा काढा फिरवला,
सगळ्या बसला एकच नळी.
मी पदराने नळी पुसली.
ते तिथे वाईट दिसतं, हे मला परतताना कळलं.

शेवटी शेवटी मुरुमाचा रस्ता. दातांत धूळ.
उतरले, तर समोर काटोल रोडपलीकडचं माळरान.
तेच पिवळं, तापलेलं,
काटेरी झुडपं,
प्रत्येक झुडपाखाली बीळ
आणि बिळाच्या तोंडाशी पेंग्विन, चोच उघडी,
धापा टाकत.
मे महिन्यात आपल्या नळाखाली कावळे बसतात ना?
एक ओरडला. हुबेहूब गाढव.
मला हसू आलं, मग लाज वाटली.

पहिला मान त्यांचा, मार्सेलाने बजावलं होतं.
एक जण समुद्रावरून घरी निघाला होता, पोट ओलं,
बायपासनंतर ढोमणेकाका जशी पावलं मोजतात
तशी मोजत.
आम्ही चाळीस माणसं वाटेच्या कडेला उभी.
तो माझ्यासमोर थांबला,
एका डोळ्याने चप्पल पाहिली,
मान वळवून दुसऱ्या डोळ्याने पाहिली,
आणि गेला.

एकतीस वर्षं मी फळ्यावर पेंग्विन काढला, धनपाल.
आधी बर्फ, खडू आडवा धरून.
बर्फातच अर्धा खडू संपायचा,
पक्षी उरलेल्या फळ्याचा.
एका पोराने परीक्षेत बाभूळ काढली होती,
पेंग्विन तिच्या सावलीत.
मी लाल शाईने फुली मारली. लिहिलं : बर्फ कुठे?
दोन गुण कापले.

तो तू होतास का रे?

त्याच्या दातांत स्क्रू होता, तो काढून म्हणाला,
"नाही जी. तो श्रावण असन, श्रावण पौनीकर.
बहुत बाभळी काढे तो. त्याले दुसरं झाडच येत नव्हतं."
कुठे असतो आता?
"वाडीले होता. ट्रकच्या मागं चित्रं काढे.
आता काय माहीत."

पंप सुरू झाला. आधी गंजाचं पाणी,
मग वाळ्याचा वास.
धनपाल कूलरसमोर उकिडवा बसला,
शर्टाची दोन बटणं सोडून, डोळे मिटून, तोंड उघडं.
"मंग ते राहतात कसे, इतक्या उन्हात?"
जवळ समुद्र आहे, म्हटलं. गार.
"आन् पिल्लं?"
एक जण सावली धरून थांबतो. एक जण जातो.

तो काही बोलला नाही.
अडीचशे दिले, त्याने पन्नास परत केले.

परवा अमरावती रोडला, सिग्नलवर,
माझ्या रिक्षापुढे एक ट्रक होता.
फाळक्यावर मोर, कमळ, कोणाची तरी कृपा,
आणि खाली कोपऱ्यात धुळीने माखलेलं एक झाड.
कसलं, ते दिसायच्या आत
सिग्नल सुटला.