दाखलखारीज

घाटोळ सरांनी शाळेचं जुनं रजिस्टर
मोबाइलवर पान पान टिपून एकाच फाइलीत बांधलं.
चारशे बारा पानं, एकशे सत्तर एमबी.
मधे कुठे सरांचा अंगठा,
कुठे चहाच्या कपाची कड.
पेनड्राइव्ह माझ्या हातात देताना म्हणाले,
"अख्खी शाळा आहे यात. सांभाळ."

सरकारच्या खिडकीला दोन एमबीचं तोंड.
त्यातून शाळा जात नाही.

मग मी ती फुकटची साइट उघडते.
कडेला केस वाढवायच्या तेलाची जाहिरात,
मधोमध चौकोन : फाइल इथे सोडा.
सोडते.
निळी पट्टी उन्हातल्या म्हशीसारखी निघते,
एकतीस टक्क्यांवर बसते ती बसतेच.
बाकावर सहा जण. कूलरात पाणी नाही.
"चढली का वं बाई फाइल?"
"चढून राह्यली, काका."
"कुठं चढून राह्यली पण?"

हे मला नाही सांगता येत.
खाली बारीक अक्षरात लिहिलंय :
तुमची फाइल तासाभरात पुसली जाईल.
म्हणजे तासभर
नथ्थू वल्द गणू, वजीर वल्द शेख चांद,
आणि दुसरीतून नाव कमी झालेली कौतिकी
कुठल्याशा मुलखात, गार खोलीत बसून असतात,
ज्यांनी मूर्तिजापूरचं टेशनही पाहिलं नव्हतं.
पायात काही नसेल त्यांच्या.

किती ते किती? यंत्र विचारतं.
मी टाकते : १५३ ते १५३.

पुंजाजी मनवरांना आज्याचं पान हवंय.
नातीचं नर्सिंगला नाव लागलंय,
दाखला नाही दिला तर सोमवारी जागा जाईल.
पान उतरतं. चारशे तेरा केबी.
एवढ्याशा वजनात बावीस पोरं,
सगळी एकाच गुरुजींच्या, उजवीकडे कललेल्या अक्षरात.
शेवटच्या रकान्यात नाव काढल्याचं कारण :
गुरं राखतो. मामाचे गावी गेला.
गैरहजर. गैरहजर. देवी येऊन मयत.

आठवी ओळ पुंजाजींच्या आज्याची.
सातवी, बुरुजाजवळच्या पाटलांच्या पणज्याची.
मागच्या आठवड्यात त्यांची सून येऊन गेली,
हेच पान घेऊन गेली. जाताना म्हणाली,
"आमची तेवढीच ओळ काढून द्या ना,
बाकीच्यांची कशाला?"
मी सांगितलं, ताई, ही साइट पानं सुटी करते,
पानाच्या आत नाही कापत.
तिने माझ्याकडे पाहिलं,
जसं काही मीच नाही म्हणतेय.

पुंजाजी चष्मा काढून स्क्रीनला नाक लावतात.
"हा पाय, पुंडलिक वल्द झिंगू. हाच तो."
मग बोट जरा वर सरकतं.
"अन् हा पाटलाचा. याच्यासंगंच घातलं नाव, एकाच दिवशी.
पण आज्याले ओट्यावर बसवत होते म्हंते,
दाराच्या भाईर. तिथूनच आयकायचा पाढे.
सतराचा पाठ होता त्याले, मरेलोक."

सातव्या ओळीवर शाई सांडलीय,
सांडून आठवीत उतरलीय.
प्रिंटमध्ये ती काळी येते, एकच डाग,
त्याला वरचं खालचं काही कळत नाही.

वीस रुपये.
पुंजाजी घडी घालत नाहीत,
कागद पिशवीत उभा ठेवतात.

संध्याकाळी लाइन जाते. बॅटरीवर मी
दिवसभरात सुटी केलेली पानं नावानिशी लावते :
मनवर, इंगोले, शेख, पुन्हा इंगोले.
काही पानांना अजून कोणी आलेलं नाही.
जिथे जवळजवळ प्रत्येक ओळीपुढे मयत लिहिलंय
ती सत्तावीस ते एकतीस, सलग पाच,
देवीच्या वर्षाची.
त्यांचा दाखला मागायला मागे कोणी उरलं नसावं.

ती मी तोडलेली नाहीत.
फाइलीला नाव काय द्यावं सुचेना,
तेव्हा यंत्रानेच दिलेलं राहू दिलं :
भाग २.