ससा

माझा नवरा ससा आहे.
असंच म्हणतात त्यांच्या धंद्यात:
जो सगळ्यांच्या पुढे धावतो,
मागच्यांच्या वाट्याचा वारा अंगावर घेतो,
त्यांचं घड्याळ होतो
आणि तिसाव्या किलोमीटरला बाजूला होतो,
करारात लिहिलंय तसा.
त्या करारातून आली ही गाय, वरचे पत्रे,
चेरोपची शाळा. खोटं कशाला बोलू.

किपरोनो त्याचं नाव, म्हणजे
शेळ्या घरी परततात त्या वेळी जन्मलेला.
मी चिडले की म्हणते,
शेळ्यासुद्धा घरापर्यंत येतात रे,
तू तेवढा वाटेत थांबतोस.
तो हसतो, बूट उपडे करून
लाल माती झटकतो.

पहाटे पाचला इतेनच्या रस्त्यावरून
साठ-सत्तर जणांचा घोळका जातो.
खाली केरिओची दरी झोपलेली असते.
दूध काढता काढता मला ऐकू येतं
त्यात त्याचं पाऊल कुठलं ते.
सगळ्यांत सारखं पडतं ते त्याचं.
दोन मिनिटं छप्पन्न. दोन मिनिटं छप्पन्न.
चेरोप पाढे म्हणते ना, तसं.

एकदाच मला बरोबर नेलं त्यानं.
हॉलंडमधलं एक शहर,
इतकं सपाट, की डोळ्यांना टेकायला काही नव्हतं.
सगळे शेवटच्या रेषेपाशी गेले.
मी तिसाव्या किलोमीटरला, कालव्यावरच्या पुलापाशी,
दुसऱ्याचा रेनकोट घालून उभी.

आधी मोटारसायकली आल्या,
मग छतावर घड्याळ लावलेली गाडी,
मग तो. छातीवर नंबर नाही.
मागे हिरव्या बनियनमधलं एक इथिओपियन पोरगं,
त्याचे डोळे किपरोनोच्या पाठीवर असे लागलेले
जसे वासराचे कासेवर.

पुलाच्या अलीकडे
किपरोनोनं उजवा हात थोडा मागे नेला,
दार उघडून धरावं तसा,
आणि वाट दिली.

तेव्हा मला वारा दिसला.
त्या पोराचं बनियन एकदम छातीला चिकटलं,
मान खाली गेली, एक पाऊल चुकलं,
मग वर आली मान
आणि ते गेलं.

हा येऊन फुटपाथवर बसला.
दहा श्वासांत धाप बसली त्याची.
मी मोजले.
आणखी किती धावला असतास, हे तोंडापर्यंत आलेलं
मी गिळलं.
एक म्हातारी गोरी बाई वाकली,
त्याच्या पाठीवरून हात फिरवला,
अर्धं संत्रं दिलं,
होतं असं, पुढच्या वेळी पूर्ण करशील,
असं काहीतरी म्हणाली असावी.
यानं दोन्ही हातांनी ते घेतलं,
मान लववून आभार मानले,
आणि तिचा समज तसाच राहू दिला.

शेवटाकडे आम्ही ट्रामनं निघालो.
वाटेत सगळ्यांचे फोन एकदम ओरडले.
त्या शहरात इतकं वेगानं
कुणीच कधी धावलं नव्हतं.
ट्राममधली अनोळखी माणसं टाळ्या वाजवू लागली.
किपरोनोनंही वाजवल्या,
बोटं संत्र्यानं चिकट झालेली.

परवा चेरोपनं वहीत गुणाकार मांडला.
एक्केचाळीस शर्यती, प्रत्येकीत बारा किलोमीटर आणि वर थोडं.
बाबा, पाचशे! नैरोबीहून निघालं तर
समुद्र येतो तेवढ्यात!
एवढं अंतर तू धावायचं ठेवलंयस.
तो वही हातात घेऊन बराच वेळ बसला.
समुद्र त्यानं विमानातूनच पाहिलाय.

रविवारी देवळातून आलो तर
त्याचं घड्याळ फळीवर, बूट जागेवर नाहीत.
मी बाहेर कान लावला.
रस्ता रिकामा, एकच पाऊल,
मध्येच जलद, मध्येच रेंगाळणारं,
एकदा तर चक्क थांबलेलं.
मला ओळखूच येईना ते कुणाचं.

शेळ्या परतल्या, त्यांच्या मागून तो आला,
गुडघ्यापर्यंत लाल.
कुठवर गेला होतास?
नाही मोजलं, म्हणाला,
आणि भोपळ्यातलं आंबट दूध
उभ्याउभ्याच प्यायला लागला.