अंदाजे किंमत

ड्वाइट लुंडीन दर तिमाहीला येतो, पंधरा तारखेच्या आत.
फॉर्म टाइप केलेला, कागदांचे कोपरे जुळवलेले,
लॉबिस्ट म्हणून नोंदणीची फी चेकने.
कुणासाठी : ग्रॅनाइटच्या खाणीची कंपनी.
कशासाठी : टेकडीचा उत्तर उतार, जमिनीचा वापर बदलून मिळावा.
कुणाला भेटलात : सात जणांना, तारीखवार.
काय दिलंत : काही नाही.
खरंच काही नाही. कॉफीचे पैसेसुद्धा
ज्याचे त्याने दिलेले, पावत्या मागे टाचलेल्या.
मी शिक्का मारते.
माणूस चांगला आहे, माझ्या गुडघ्याची चौकशी करतो.

सोमवारी आयली कांगस आली,
बुटांवरचा बर्फ पायपुसण्यावर नीट झाडून.
तिच्यापुढे नगरसेविका टॉर्गर्सनबाईंचा मदतनीस पोरगा,
हातात बरणी, चेहरा चोरी पकडल्यासारखा.
नियमच आहे :
साहेबांच्या हाती पडेल ते आधी माझ्या खिडकीवर येईल.

थिंबलबेरीचा जॅम.
झाकणावर चौकड्याचं कापड, कापडाला दोरा.
"अंदाजे किंमत?" मी विचारलं.
"किंमत कसली?"
"रकाना आहे."
मी सात डॉलर लिहिले.
"सात?" आयली म्हणाली. "एका बरणीला दोन सकाळी जातात,
आणि अस्वलाशी भांडावं लागतं."
मी सात खोडून नऊ केले. बाजूला सही.

*

आमच्या घरी नाताळात हॅम यायचं,
खारवलेली अख्खी मांडी, कधी चार, कधी सहा.
वडील रस्ते खात्यात. बर्फ काढणाऱ्या गाड्यांचं वेळापत्रक त्यांच्या हातात.
तळघरातला फ्रीझर फेब्रुवारीपर्यंत भरलेला
आणि देणाऱ्यांच्या गल्ल्या पहाटे सहालाच मोकळ्या.
मी अकरा वर्षांची असताना
वर्गातल्या रूबेनच्या आजीला न्यायला निघालेली गाडी
त्यांच्या चढावर रुतली ती दुपारपर्यंत.
मला कुणी काही सांगितलं नाही.
रात्री ताटात हॅम होतं. खारट होतं, छान होतं.
खाल्ल्या मिठाला आम्ही सगळेच जागलो.
वडील वाईट नव्हते,
हे मी अजून प्रत्येक वेळी शेवटी जोडते.

म्हणून ही वही मला आवडते.
हॉकीचं तिकीट, एक, परत केलं.
धुरावलेला मासा, खात्यात वाटला, अकरा जण.
बाळाचे लोकरी मोजे, चार डॉलर, ठेवून घेतले.
नवी पोरं हसतात. हसू देत.
सरोवरावरून वारा सुटला की खिडकी गदगदते,
मी वहीवर कोपर ठेवून बसते.
इथे कागदावर एवढंच वजन.

*

"बेरी कुठल्या?" मी सहज विचारलं.
"टेकडीच्या. उत्तर उतारावरच्या.
दुसरीकडे कुठे उरल्यात?"

पोरगा छताकडे बघायला लागला.
सुनावणी गुरुवारी.

नियमाप्रमाणे लॉबिस्ट म्हणजे
पैसे घेऊन दुसऱ्याच्या वतीने बोलणारा.
"तुम्हाला कुणी पैसे देतं का?"
"मला?"
ती इतकी हसली की हातमोजा खाली पडला.
"मग कुणाच्या वतीने आलात?"
यावर मात्र ती थांबली. खरोखर विचार करत होती,
मागे रांगेत कुत्र्याच्या परवान्यासाठी दोघं उभे.
"लिही," म्हणाली, "अस्वलाच्या."

असा रकाना नाही.
मी शेऱ्यात लिहिलं. पेन्सिलीने, मग पेनाने.

नऊ डॉलर मर्यादेत बसतात, पण टॉर्गर्सनबाई म्हणाल्या, नको, या आठवड्यात नको.
नासणारी वस्तू तिसऱ्या मजल्यावर, सगळ्यांच्या टेबलावर.
बुधवारी संध्याकाळी बरणी अर्ध्यावर, आत कुणाची तरी सुरी उभी.
लुंडीन लिफ्टपाशी रुमालाने अंगठा पुसत होता.
मला मत नाही, कुठल्याच ठरावावर.
मी एक चमचा घेतला, मग खाली येऊन वही उघडली :
जॅम, एक चमचा, कारकून, खिडकी तीन.
किंमत कोरी ठेवली.

दाढेत एक बी अडकली होती.
गुरुवारी नावं पुकारली जाईपर्यंत
जिभेने खूप प्रयत्न केला, निघाली नाही.