पान एकशे त्रेचाळीस

मला नाही आवडलं पुस्तक.
हे वाक्य मी घरातून निघतानाच तयार ठेवलं होतं,
बसच्या तिकिटाचे सुटे पैसे ठेवावेत तसं.

वेंगुर्ल्याच्या बाजारात, खानावळीच्या माडीवर,
दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी आम्ही नऊ जण.
पुस्तकाच्या प्रती तीन. त्या घरोघर फिरतात,
गणपतीत भजनाची पेटी फिरते तशा.
वही माझ्याकडे. नियमही माझेच:
डाग पडल्यास दंड रुपये पाच.

सुरुवात मीच केली.
म्हटलं, चारशे बारा पानं आणि प्रत्येक पानावर समुद्र निळा.
आषाढातला कधी पाहिलाय का हो यांनी?
चहाच्या गाळाचा रंग असतो त्याला, फेससुद्धा मळका.
आणि ती बाई!
खिडकीशी बसते पान एकशे वीसला,
उठते थेट एकशे साठला.
मधे भरती नाही, ओहोटी नाही,
मांजरसुद्धा आडवं जात नाही.
बर्फाच्या कारखान्यात एकतीस वर्षं हिशेब लिहिला मी,
इतकी थंडी मला तिथंही वाजली नाही.

सगळे हसले. गिरप मास्तर जरा जास्तच;
त्यांनी वाचलंच नव्हतं.

फिलोमिना आल्मेडा हसली नाही.
रागावलीही नाही. चष्मा पुसत म्हणाली,
"माका तीच चाळीस पानां आवाडली."

"कित्याक?"

"तां माका सांगूक येवचा नाय."

झालं. पुढे दाखला नाही, बचाव नाही.
खालून मासे तळल्याचा वास आला,
पंखा खडखडत राहिला.
माझ्याकडे तिच्या वाक्यावर चार-पाच उत्तरं होती,
एकाचाही ताळा जुळेना.

रात्री माझी प्रत उघडली. माझ्याआधी ती तिच्याकडे होती.
पान एकशे त्रेचाळीस: कडेला हळदीचा अंगठा.
चव्वेचाळीसवर तोच, पुसट.
पंचेचाळीसवर नुसता वास.
म्हणजे चुलीशी उभ्यानं वाचत होती,
एका हातात डाव,
आणि थांबवत नव्हतं तिला.
त्याच पानात मी विजेचं बिल
खूण म्हणून घालून झोपलो होतो.

मग पुन्हा वाचली ती चाळीस पानं. सावकाश.
नाही आवडली.
पण या खेपेला वाचून नाही आवडली.
समुद्र अजूनही निळाच होता, बाई बसलेलीच.
फक्त तिच्या मागे कुठेतरी
काहीतरी शिजत होतं, एवढं मला कळलं.

वहीत डागाचा रकाना कोरा ठेवला.
पाच रुपये माझ्या खिशातले टाकणार होतो,
पण तेही आगाऊपणाचं वाटलं.

मंगळवारी बाजारात भेटली, हातात पिशवी, घाईत.
"पुढचा पुस्तक तुमी निवडा," म्हणाली,
"आवाडला नाय तर सांगतलंय हां!"

चार दिवस झाले, कपाटासमोर उभा राहतोय.
एक आहे, फार जुनं, शिवण सुटलेलं.
कुणालाच दाखवलं नाही आजवर.
हात तिथपर्यंत जातो
आणि शेजारचं चांगलंसं काढून
पुन्हा जागेवर ठेवतो.