मागची सीट

म्हण आहे ना, अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर.
आमचा डॉक्टर नाही, सायनला ब्रदर आहे,
मेल्विन डाबरे, वसईचा.
बाकी म्हण शब्दशः खरी.

शालनने चाळीत हर्निया सांगितलं.
हर्नियाला मान असतो.
मूळव्याध म्हटलं की माणसं आधी हसू गिळतात,
मग म्हणतात, सुरण खा.

सायनहून भांडुपला टॅक्सीत कुशीवर पडून आलो.
हाच रस्ता एकतीस वर्षं चालवला,
डोळे मिटून सांगेन:
कमानीचा उंचवटा,
श्रेयससमोर गटाराचं बसलेलं झाकण,
गांधीनगरच्या पुलाखाली लागोपाठ तीन पट्टे.
त्या दिवशी डोळे मिटूनच मोजले.
एकेक खड्डा ओळखीचा निघाला,
इतकंच, की आजवर तो चाकाला लागायचा.

एकतीस वर्षं मागच्या सीटवर
कोण कोण बसलं असेल माझ्या,
ओले टाके घेऊन, सातव्या महिन्याचं पोट घेऊन,
किंवा असंच काही, कुणाला न सांगण्यासारखं,
आणि मी वेळ गाठायची म्हणून
पट्टे दिसत असताना पाय उचलला नाही.
मागून शिव्या यायच्या.
मी त्या ट्रॅफिकच्या खात्यावर टाकल्या.

दिवसातून तीनदा कोमट पाण्यात बसायचं,
पाण्यात चिमूटभर जांभळी पूड.
आमच्याकडे पाणी पाच ते सहा.
प्रणोतीने पिंप भरलं, बादल्या भरल्या,
शेवटी पाच लिटरचा कुकरसुद्धा.
चौथ्या दिवशी तळमजल्यावरच्या सकीनाबींनी
दोन कळशा वर पाठवल्या, सोबत निरोप:
हर्नियाला एवढं पाणी लागत नाही.
आमच्या ह्यांचंही झालं होतं.

त्याच्या आदल्या रात्रीचं सांगायचं राहिलं.
इसबगोल, सिरप, वाटीभर तूप,
सगळं करून झालं होतं, आणि पोट म्हणालं, आत्ता.
काच जाते असं लोक सांगतात.
काच बरी, काच एकदाच फुटते.
नळावर कपाळ टेकलं,
आधी आई गं निघालं, मग आयला.
बाहेरून दाराला टेकून मेल्विन,
'बाबा, श्वास धरून ठेवू नका. सोडा.
जोर लावायचा नाही. जे जायचंय ते जाईल.'

त्याच्या लग्नाला मी गेलो नव्हतो.
डेपोतून मुद्दाम डबल ड्युटी मागून घेतली होती.
सहा वर्षांत 'जेवलात का' याच्यापुढे
हे त्याचं माझ्याशी पहिलं बोलणं,
संडासाच्या पत्र्याच्या दारातून.

रबरी रिंग त्यानेच आणली, तोंडाने फुगवली.
मी अंगठा दाबून पाहिला, सवयीने.
म्हणालो, थोडी हवा काढ, अंगाच्या उबेने फुगते ती.
त्याने काढली. ऐकलं त्याने माझं.
सगळा जन्म टायरवर गेला,
आता ट्यूबवर.

'दहापैकी किती दुखतंय?' तो विचारतो.
मला ते आकड्यात सांगता येत नाही.
पहिल्या रात्री म्हणालो, कुर्ला डेपो,
आणि गाडी हलत नाहीये.
हसला नाही. गोळीच्या कागदावर
वेळेपुढे तसंच लिहून घेतलं:
पावणेदोन, कुर्ला डेपो.
त्या कागदावर आता कमानी आहे, दोनदा श्रेयस,
एका दुपारी मिरचीची भजी चोरून खाल्ली तेव्हाचं
परत कुर्ला.

काल जेवायला रिंगवर टेकलो,
ताटात मऊ भात, दुधी,
दुधीचा मला राग आहे, तो वेगळा विषय.
त्याने विचारलं, 'आज?'
म्हणालो, गांधीनगर.
'मग भांडुप आलंच की.'

सिग्नल मिळाला तर, म्हणालो,
आणि त्याच्या ताटात
माझ्यातला थोडा दुधी सरकवला.